साळवेकाकांचा क्लास ठरत नाही

साळवेकाका आमच्या घरी आले की दारात चपला काढतात, "काय सतीश, बरंय ना?" असं विचारतात आणि मी उत्तर द्यायच्या आत दारामागच्या विजेच्या बोर्डापाशी जाऊन एक छोटं बटण दाबतात. खट्ट आवाज होतो आणि घरातली वीज जाते. पंखा थांबतो, टीव्ही बंद होतो, आतल्या खोलीत ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगला बसलेली माझी बायको बोलता बोलता अर्ध्या वाक्यावर नाहीशी होते. काका सावकाश खटका वर करतात. वीज येते. मग सोफ्यावर बसून म्हणतात, "चालतंय. आता चहा टाकायला सांग."

त्याला टेस्ट बटण म्हणतात. घरात कुणाला शॉक बसला तर आपोआप वीज तोडणारी एक डबी हल्ली बोर्डात असते. ती वेळेवर वीज तोडेल की नाही हे बघायला अधूनमधून ते बटण दाबावं, असं त्या डबीवरच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते वाचून अमलात आणणारा दुसरा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. परक्याच्या घरात शिरल्यावर कुणी पाणी मागतं, कुणी उगाच फ्रिजवरचे मॅग्नेट बघतं. काका बटण दाबतात. आमच्या गाझियाबादच्या सोसायटीत त्यांनी न दाबलेलं बटण उरलेलं नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या घरी त्यांनी ऐन मॅचच्या शेवटच्या ओव्हरमध्ये हा उद्योग केला. ते बिचारे कळवळून म्हणाले, "साळवे जी, मैच चल रहा था." काका म्हणाले, "मैच तो चलता रहेगा जी, आप भी चलते रहिए."

त्यांचं पूर्ण नाव सॅम्युअल साळवे. मूळचे नगरचे. तरुणपणी केंद्र सरकारच्या इमारतींची वीज सांभाळायच्या नोकरीत ज्युनियर इंजिनियर म्हणून दिल्लीला आले आणि इथलेच झाले. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांचं दार आणि आमचं दार समोरासमोर. मी तेव्हा शाळेत होतो. पुढे ते क्वार्टर पाडायला निघाले, तेव्हा दोन्ही घरांनी सल्लामसलत करून गाझियाबादच्या एकाच सोसायटीत फ्लॅट घेतले. त्यामुळे मी चाळिशी ओलांडली, माझ्या डोक्यावरचं छप्पर बदललं, पण शेजार काही बदलला नाही.

काकांना माणसंही विजेच्या हिशेबानेच कळतात. कुणी फार बडबड करायला लागला की म्हणतात, "याला अर्थिंग नाही." कुणी दिलेली वेळ पाळली नाही की तो लूज कनेक्शन. आणि कुणी आपल्या नोकरीचं, संसाराचं, तब्येतीचं ठीक चाललंय म्हणालं की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "चालू आहे म्हणजे बरोबर आहे असं नाही." हे वाक्य ते कुणालाही ऐकवतात. माझ्या लग्नात त्यांनी मांडवाच्या वायरिंगबद्दल ते म्हटलं होतं, पण समोर माझे सासरे उभे असल्यामुळे पुढे बरेच दिवस गैरसमज राहिला. स्वतः न चुकता चर्चला जाणारे, पण आमच्या गणपतीच्या मांडवातली एकेक वायर हाताने चाचपल्याशिवाय आरती सुरू होऊ देत नाहीत. भटजी ताम्हन घेऊन उभे, सगळी मंडळी टाळ धरून उभी, आणि काका टेबलाखाली.

त्यांचा मुलगा आशिष माझ्याहून बराच लहान. क्वार्टरच्या अंगणात मी त्याला सायकल शिकवली. त्यानं इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, सुपरवायझरच्या परवान्याची परीक्षा दिली आणि विजेची कामं घेणारी छोटीशी फर्म काढली. त्याची बायको सुचेता नगरची, तीही इलेक्ट्रिकलची डिप्लोमा. लग्नानंतर दोघं मिळून कामं बघायची. कोटेशन ती काढायची, साइटवर दोघं जायची. काकू वारल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच आवाज ऐकू यायला लागले होते.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत आशिष वरच्या मजल्यावर केबल जोडत होता. खाली कुणालातरी पंप चालवायचा होता. त्यानं मेन स्विच वर केला. पुढचं मला लिहवत नाही. आशिषला आणलं तेव्हा मी काकांच्या शेजारी उभा होतो. ते रडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "स्विच कुणी वर केला?" आणि मग उत्तर ऐकून घ्यायलाही थांबले नाहीत.

फर्म चालवायची तर परवाना असलेला सुपरवायझर लागतो. आशिषच्या एका मित्रानं आपलं नाव दिलं, पण वर्षअखेरीपर्यंतच, कारण त्याची स्वतःची नोकरी बंगलोरला लागली होती. तोवर सुचेतानं ती परीक्षा पास होणं भाग होतं. नाही झाली तर फर्म बंद. तिच्या वडिलांनी नगरला एका कॉलेजात लॅबमधली जागा बघून ठेवली होती आणि दर रविवारी त्यांचा फोन यायचा, की बाळा, आता ये परत. सुचेता दिवसभर साइटवर. तिला क्लासची चौकशी करायला सवड नव्हती. एक दिवस ती काकांना सहज म्हणाली, "पप्पा, संध्याकाळचा एखादा चांगला क्लास बघाल का माझ्यासाठी?"

काका म्हणाले, "बिल्कुल." आणि तिथून सगळं सुरू झालं.

काकांकडे गाडी नाही, माझ्याकडे आहे आणि मला शनिवारी सुट्टी असते. एवढ्या भांडवलावर मी या शोधमोहिमेचा ड्रायव्हर झालो.

पहिला क्लास दिल्लीत, लक्ष्मी नगरला. तळघरात. भिंतीवर मागच्या वर्षी पास झालेल्यांचे फोटो, सगळ्यांच्या कपाळाला टिळा. शिकवणारे सर कानाला माइक लावून फॉर्म्युला चक्क सिनेमाच्या चालीवर गात होते आणि पोरं बाकावर ठेका धरत होती. मला तर आवडलं, शाळेत आम्हाला असं कुणी शिकवलं नाही. गाणं संपल्यावर शेवटच्या बाकावरून काकांनी हात वर केला.

"सर, एक सवाल है. लाइन पे काम करना है. मेन स्विच बंद किया, ताला लगाया. चाबी किसके पास?"

सर हसले. "अंकल, ये एग्ज़ाम में एक नंबर का भी नहीं आता."

पोरंही हसली. काका उठले. जिन्यात टेप गुंडाळलेल्या वायरी लोंबत होत्या. त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ज्याच्या जिन्याची ही अवस्था, तो काय शिकवणार. चल."

दुसरीकडे एसी होता, काचेचं दार होतं आणि "सिलेक्शन नहीं तो फीस वापस" असा फलक होता. रिसेप्शनवरच्या मुलीनं काकांनाच विद्यार्थी समजून सीनियर सिटिझन सवलत देऊ केली. काकांनी तिलाही तोच प्रश्न विचारला, चाबी किसके पास. ती गोड आवाजात म्हणाली, "सर, लॉकर की चाबी रिसेप्शन पे जमा होती है." काका तिला थँक्यू म्हणाले आणि काचेचं दार ढकलून बाहेर पडले.

तिसरा क्लास ऑनलाइन होता. माझ्याच लॅपटॉपवर, आमच्याच डायनिंग टेबलावर. आधी बटण दाबून झालं, मग वायफाय परत यायची वाट बघून झाली. शिकवणारा तरुण मुलगा चांगला वाटत होता. काकांनी एका बोटाने तो प्रश्न टाइप केला, त्याला बराच वेळ लागला, आणि उत्तर म्हणून स्क्रीनवर एक पिवळा अंगठा उगवला. काका बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत बसले. "मी एवढा प्रश्न विचारला," ते म्हणाले, "आणि यानं हे काय दाखवलं?"

असे किती शनिवार गेले, मोजले नाहीत. एका सरांचं काय चुकलं, की ते उभ्यानं शिकवत नाहीत. एकाचं, की तो प्रत्येक वाक्याला "एग्ज़ाम पॉइंट ऑफ व्ह्यू से" म्हणतो. एक क्लास मला तर अगदी पसंत पडला होता, सरांनी बरोबर समजावलं, फी बेताची, मेट्रोच्या दारात. पण किल्लीचा प्रश्न विचारल्यावर तिथले सर म्हणाले, "सुपरवाइज़र के पास, सर. रूल है." काका म्हणाले, चूक. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "काका, तिला परीक्षा द्यायची आहे की त्या सरांची परीक्षा तुम्ही घ्यायची आहे?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बघू. घाई कशाला."

सोसायटीत आता लोक बोलायला लागले होते. म्हाताऱ्याला सून परवाना घेऊन मोकळी झालेली बघवत नाही, घरात डांबून ठेवायचीय, असं खालच्या बाकावर बसून मंडळी एकमेकांना सांगत. मी ते उडवून लावायचो. खरं सांगायचं तर मनात मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

एक दिवस लिफ्टमध्ये सुचेता भेटली. अंगावर साइटची धूळ, हातात हेल्मेट.

"सतीशदादा, फॉर्म भरलाय मी. परीक्षा जवळ आली. पुस्तक घेऊन बसते, पण प्रोटेक्शनचे चॅप्टर एकटीला नाही समजत यार. पप्पांना विचारलं की म्हणतात बघतोय." लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली तरी ती दारात उभी राहिली. "दादा, मी पास व्हायला नकोय का त्यांना?"

मी म्हटलं, "मी बोलतो त्यांच्याशी."

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो आणि जरा चढ्या आवाजातच सांगितलं, की येता शनिवार शेवटचा. तिथे पटलं नाही तर मी स्वतः जाऊन लक्ष्मी नगरला गाणाऱ्या सरांकडे सुचेताचं नाव घालून येणार. मला वाटलं, काका चिडतील. ते नुसतं "अच्छा" म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

शेवटचा क्लास दिल्लीतल्या हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला होता, एका अरुंद गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. पाटी साधी, फोटो नाहीत, फळ्यावर खडू. शिकवायला एक मॅडम होत्या. पन्नाशीच्या, सुती सलवार-कमीज, बाही कोपरापर्यंत खडूने पांढरी. समोर जेमतेम दहा-बारा मुलं. त्या हळू शिकवत होत्या आणि एखाद्याला नाही समजलं तर पुन्हा पहिल्यापासून सांगत होत्या. मी मनात म्हटलं, काका, आता कृपा करा आणि गप्प बसा.

काकांनी हात वर केला.

"मॅडम जी, लाइन पे काम करना है. मेन स्विच बंद किया, ताला लगाया. चाबी किसके पास?"

मुलं मागे वळून बघायला लागली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी काकांकडे जरा वेळ बघितलं, मुलांना फळ्यावरचं एक गणित सोडवायला सांगितलं आणि खडू ठेवून आमच्या बाकापाशी आल्या. वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "आपका कौन था?"

मी काकांकडे बघितलं. इतक्या शनिवारांत हा प्रश्न मी शेजारी बसून ऐकत होतो, थट्टा करत होतो, घरी बायकोला नक्कल करून दाखवत होतो. आणि मला तो कळलाच नव्हता. मी आशिषला सायकल शिकवणारा माणूस.

"बेटा," काका म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, "ऊपर जो काम कर रहा है, उसकी जेब में. और किसी के पास नहीं." मग त्या म्हणाल्या, "सच बताऊँ, क्लास में नहीं पढ़ाती थी. सिलेबस में दो लाइन है, आगे निकल जाते हैं सब. अब पढ़ाऊँगी."

काकांनी मान डोलावली. त्यांनी क्लासची वेळ विचारली, मेट्रो स्टेशनवरून रिक्षा मिळते का विचारलं, आणि सुचेताचं नाव तिथल्या तिथे देऊन टाकलं.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "काका, बरोबर उत्तर दिलं म्हणून का?"

"उत्तर कुणालाही देता येतं. पुस्तकात आहे." ते पट्टा लावत म्हणाले. "मॅडमनी मला विचारलं. इतक्या जणांत कुणी विचारलं नव्हतं."

यमुनेचा पूल लागला. मग ते आपणहून बोलायला लागले.

"आशिषचा क्लास मीच ठरवला होता, सतीश. सरोजिनी नगरच्या मार्केटमधून भाजी घेऊन येत होतो. एका ऑटोच्या मागे जाहिरात चिकटवलेली. तिथूनच फोन लावला. एकच प्रश्न विचारला, पास होईल ना? ते म्हणाले, सौ टक्का. भाजी घरात ठेवायच्या आत क्लास ठरला होता."

मी गाडी हळू केली.

"झाला की पास. पहिल्या फटक्यात. त्यांनी सांगितलं तसं केलं त्यांनी, त्यांचा काय दोष. मी पेढे वाटले सगळ्या ब्लॉकमध्ये. तू पण खाल्लेस."

मी खाल्ले होते. मला आठवत होतं.

"त्या दिवशी किल्ली पॅनेललाच होती. कुलूप घातलेलं होतं, किल्ली त्यातच अडकवलेली. चहा प्यायला खाली उतरायचं म्हणून ठेवली असेल, नाहीतर विसरला असेल. मी जन्मभर लोकांच्या घरात शिरून त्यांची बटणं दाबली. माझ्या पोराला एकदा विचारलं नाही, की बाबा, किल्ली कुठे ठेवतोस तू. वाटलं, माझाच पोरगा आहे, माहीत असेल. नाहीतर क्लासमध्ये शिकवलं असेल."

त्यांचा आवाज कापला नाही. म्हणून मला जास्त सहन होईना. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "काका, तुम्ही तिला मुद्दाम अडवताय असं वाटलं होतं मला."

"अडवतच होतो," ते म्हणाले. "पास झाली की ती वर चढणार. नाही झाली की नगरला जाणार. मला दोन्हीतलं काहीच ठरवता येईना. मग आपलं, हा क्लास नको, तो क्लास नको."

पुढचा सगळा रस्ता आम्ही दोघं समोरच्या ट्रकच्या दिव्यांकडे बघत आलो. माझे वडील गेले तेव्हा याच माणसानं मला धरून उभं केलं होतं. त्याच्यासाठी मला साधा एक शब्द सापडत नव्हता, याची मला लाज वाटत होती.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही उतरलो तेव्हा सुचेता स्कूटर लावत होती. साइटवरून नुकतीच आलेली. तिनं आमचे चेहरे बघितले आणि तिला वाटलं, यावेळीही नाही.

"काय पप्पा, नाही ना आवडला?"

"ठरला," काका म्हणाले. "सोमवारपासून. मॅडम आहेत. चांगल्या शिकवतात."

तिला खरं वाटेना. तिनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. ती एकदम हसली. कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना बघत होतो. स्कूटरवरची पिशवी काढता काढता, वर न बघता, तिनं अगदी सहज विचारलं, "मग? पास होईन ना मी?"

काका उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. सुचेतानं वर बघितलं.

"पास हो, नाहीतर नको होऊस," ते म्हणाले. "फर्म चालव, नाहीतर नगरला जा तुझ्या बाबांकडे. मला काही म्हणायचं नाही. फक्त संध्याकाळी घरी येत जा, बाळा. कुठल्याही घरी ये. पण रोज येत जा."

तिच्या हातातली पिशवी तशीच राहिली. मग ती पुढे आली, त्यांच्या शर्टाची बाही धरली आणि लहान मुलाला रस्ता ओलांडून न्यावं तसं त्यांना लिफ्टकडे घेऊन गेली. मी गाडीला कुलूप लावायच्या निमित्ताने तिथेच बराच वेळ थांबलो.